नवा ओटा घेताना

पूर्वी आपल्याकडे स्वयंपाकघर म्हणजे एक चूल, तिच्या बाजूला वैल, भिंतीला मांडणी आणि कोपऱ्यात पाण्याचा रांजण. चूल घरची बाईच मातीने घालत असे. ती खचली, तर पुन्हा माती कालवायची आणि नवी घालायची. त्यात पैशाचा व्यवहार नव्हता. म्हणून फसवणूकही नव्हती.

आता दिवस बदलले. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांवर गॅस पोचला. त्याच साली प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना सुरू झाली. या योजनेतले घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे असावे आणि त्यात स्वयंपाकाला स्वच्छ जागा असावी, असा नियम आहे. पण सपाटीच्या भागात अनुदान मिळते १ लाख २० हजार रुपये. त्यात भिंती आणि छप्पर उभे राहता राहता पैसा संपतो. ओटा, बेसिन, भांड्यांच्या ट्रॉल्या हे सारे घरच्या पैशातून होते. हा पैसा कुठून येतो? कोणी शेळी विकते, कोणी बचत गटातून कर्ज काढते, कोणी ऊसतोडीच्या हंगामातून चार पैसे मागे टाकते. असा घामाचा पैसा कसा खर्च करावा, याचा हा पाठ आहे.

आधी दगडाचे पाहू. आपल्या भागात तीन दगड चालतात. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची. काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा. तिसरा ग्रॅनाईट. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. ते स्वस्त पडतात आणि खालच्या कप्प्यांना, उभ्या आधारांना उत्तम चालतात. पण चिंचेचे पाणी, लिंबू किंवा आंबट ताक पडून राहिले की त्यांना डाग पडतो. तो डाग घासून जात नाही. ग्रॅनाईटला असा डाग पडत नाही. म्हणून कमी पैशात करायचे असेल, तर खाली कडप्पा आणि वर ग्रॅनाईट हा मेळ आम्हाला बरा वाटतो.

काळ्या कडप्प्यावर तेलाचा हात फिरवला की तोही चकाकतो. अशा वेळी दुकानात एक तुकडा मागून घ्यावा, तो पुसावा आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून थोडा वेळ ठेवावा. जागा पांढुरकी, निस्तेज झाली, तर तो दगड ग्रॅनाईट नव्हे. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता हिशेब. ओटा ८ फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. ८ गुणिले २ म्हणजे १६ चौरस फूट. समजा, दर चौरस फुटाला १६० रुपये आहे. १६ गुणिले १६० म्हणजे २,५६० रुपये. कडेला गोलाई आणि पॉलिश करायचे पैसे वेगळे असतात. ते लांबीवर, म्हणजे रनिंग फुटावर मोजतात. समोरची बाजू ८ फूट आणि एक कड २ फूट, मिळून १० फूट. फुटाला ४० रुपये धरले, तर ४०० रुपये झाले. एकूण २,९६०. हे दर आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या गावी वेगळे असतील. पण रीत हीच. काही दुकानांत वरचे इंच पुढच्या फुटात धरतात. ८ फूट ३ इंचांचे ९ फूट होतात. ते मोजणीच्या आधी विचारावे, बिल झाल्यावर नव्हे.

ओट्याची उंची किती? मिस्त्री बहुधा ३२ ते ३४ इंच करतो. ती उंची घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगाने ठरवावी. तिने सरळ उभे राहून कोपर दुमडावे. कोपराच्या खाली चार बोटे ओटा असावा. ओट्यावर शेगडी येते, तीही चार-पाच इंच उंच असते. बुटक्या बाईला उंच ओटा दिला, तर भाकरी थापताना खांदे भरून येतात. घरातले पुरुष उंची ठरवून मोकळे होतात आणि बाई जन्मभर पाटावर उभी राहते, असे आम्ही दोन-तीन घरी पाहिले आहे.

लाकूडकामात मोठी गोम असते. ट्रॉल्यांची दारे आणि पेटी कधी प्लायवूडची असते, तर कधी भुसा दाबून केलेल्या फळीची. वरून दोन्हींवर तोच रंगीत कागद, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. भुशाच्या फळीला पाणी लागले की ती पावासारखी फुगते. प्लायवूड घ्यावे आणि त्याच्या पाठीवरचा छाप स्वतः वाचावा. आय.एस.आय.ची खूण आणि तिच्याबरोबर आय.एस. ७१० हा आकडा असला, तर ते पाण्याला टिकणाऱ्या जातीचे. हे महाग पडते. सगळीकडे परवडत नसेल, तर निदान बेसिनच्या खाली तरी तेच लावावे. आणि पेटी जमिनीला टेकवू नये. खाली चार इंचांचे पाय असावेत. आपण फरशी पाण्याने धुतो, हे शहरातून शिकून आलेला सुतार विसरतो.

स्टीलच्या बेसिनवर ३०४ किंवा २०२ असा आकडा असतो. ३०४ चांगले, बोअरच्या क्षारी पाण्याला ते जास्त टिकते. काही विक्रेते लोहचुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, “बघा, चिकटत नाही, अस्सल माल.” पण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून चुंबकावर जाऊ नये. आकडा पावतीवर लिहून घ्यावा.

माल चांगला आणला तरी तो बसवणारा हात कच्चा असेल, तर सगळे फुकट जाते. आमच्या मते फसवणूक मालात कमी आणि बसवण्यात जास्त होते. माल आपण दुकानात पाहतो. बसवण्यातला दोष मात्र पंधरा दिवसांनी दिसतो, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरची गोष्ट सांगतो. एका ऊसतोड जोडप्याने घरकुल बांधले. ओटा, बेसिन आणि ट्रॉल्या असे सारे काम गावाजवळच्या एका दुकानदाराला ४२,००० रुपयांत उक्ते दिले. दुकानदाराने आधी ३०,००० मागितले.

नवरा म्हणाला, “एवढे आधी?”

दुकानदार म्हणाला, “माल आणायचा तर पैसे लागतात की, भाऊ. विश्वास नाही का आमच्यावर?”

विश्वासाचा विषय निघाला की आपला माणूस गप्प बसतो. त्याने पैसे दिले. उचल घेणारा बांधला जातो, हे ऊसतोड्याला सांगायला नको. पण इथे उलटे झाले. उचल दुकानदाराने घेतली आणि बांधले गेले हे दोघे. तो येईल तेव्हा काम. आठ दिवसांचे काम दीड महिना चालले. मध्ये आणखी ८,००० गेले. एकूण ३८,००० झाले; ४,००० राहिले.

काम झाले. घर साजरे दिसू लागले. शेजारणी पाहून गेल्या. पंधरा दिवसांनी बेसिनखालच्या डब्यातले पीठ ओले लागले. ओट्यावर पाणी सांडले की ते बेसिनकडे न जाता भिंतीकडे जाई. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत ओल उमटली. एक ट्रॉली मध्येच अडकू लागली. पेटीची खालची कड फुगली.

बाईने मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, “वहिनी, नवं काम आहे. सिमेंट सुकलं की बसतंय सगळं.”

बाई म्हणाली, “दादा, सिमेंट सुकल्यावर पाणी चढावर चढंल का?”

मिस्त्री निघून गेला. दुकानदार फोन उचलेना.

इथे त्या बाईची एक गोष्ट कामाला आली. बचत गटाच्या बैठकीत ती लिहायला शिकली होती. तिने एका वहीत प्रत्येक रकमेची तारीख मांडली होती आणि दर वेळी दुकानदाराची सही घेतली होती. पहिल्या पानावर काय काय काम करायचे, तेही लिहिले होते. ‘बेसिन ३०४’ हे शब्द त्यात होते. दुकानदाराने तेव्हा हसत हसत सही केली होती. पक्के बिल त्याने दिलेच नव्हते. ही वही नसती, तर ३८,००० रुपये दिले याला पुरावा काय होता?

तिने दुकानदाराला पत्र लिहिले. आम्ही शेजारी बसलो होतो, अक्षर तिचेच. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून ते पत्र इथे देतो. नावे गाळली आहेत.

“तुम्ही आमच्या घरी ओटा, बेसिन व ट्रॉल्या बसवण्याचे काम ४२,००० रुपयांना उक्ते घेतले. आम्ही ३८,००० रुपये दिले आहेत. तारखा व तुमच्या सह्या वहीत आहेत. कामात पुढील दोष आहेत. एक, बेसिनचा सांधा गळतो. दोन, ओट्याचा उतार भिंतीकडे आहे, त्यामुळे भिंतीला ओल आली आहे. तीन, मधली ट्रॉली अडकते. चार, पेटी जमिनीला टेकली असून ती फुगली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे दोष तुमच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावेत. नाही तर आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. दोषांचे फोटो सोबत जोडले आहेत.”

पाहा, या पत्रात शिवी नाही, गाऱ्हाणे नाही, ‘आम्ही गरीब आहोत’ असे रडणे नाही. काय ठरले, किती दिले, काय बिघडले आणि किती दिवसांत काय पाहिजे, एवढेच आहे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवले. पोस्टाची पावती वहीला टाचली. पत्राची एक नक्कल घरी ठेवली. दुरुस्ती होण्याआधी फोटो काढून ठेवले, हेही बरे झाले. ओल सुकल्यावर ओलीचा पुरावा राहत नाही.

पंधरा दिवस गेले. उत्तर आले नाही. मग तिने १९१५ या क्रमांकावर फोन केला. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाईन म्हणजे कोर्ट नव्हे. ती दुकानदाराला तक्रार कळवते आणि मिटवायला सांगते. पत्र आणि वरून हा फोन, दोन्ही मिळून दुकानदार हलला. तो दुसऱ्या फिटरला घेऊन आला. गळता सांधा बदलला. ओट्याचा दगड उचलून पुन्हा बसवावा लागला. उचलताना तो बेसिनच्या कोपऱ्यात तडकला, तेव्हा नवा दगड दुकानदाराला घालावा लागला. ट्रॉलीचे चॅनल बदलले. पेटी मात्र त्याने बदलली नाही. तिच्यापोटी राहिलेले ४,००० सोडून द्यायचे ठरले आणि तसे वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. बाईच्या मनासारखे सगळे झाले नाही. फुगलेली पेटी अजून तशीच आहे.

दगड बेसिनच्या कोपऱ्यातच का तडकला? बेसिनसाठी दगडात भोक पाडतात. त्याचे आतले कोपरे चौकोनी, धारदार ठेवले, तर तिथूनच चीर जाते. ते किंचित गोल कापावेत. भोक आणि ओट्याची पुढची कड यांच्यामध्ये जी पट्टी उरते, ती तीन-चार इंचांपेक्षा अरुंद नसावी आणि तिच्याखाली आधार असावा. हे मिस्त्रीला ठाऊक असते. घाईत तो करत नाही.

तर मग काम ताब्यात घेताना काय पाहावे? शेवटचे पैसे देण्याआधी ओट्यावर तांब्याभर पाणी ओतावे. ते बेसिनकडे वाहिले पाहिजे, भिंतीकडे नाही. बेसिनला बूच लावून ते काठोकाठ भरावे. खाली जमिनीवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा. मग बूच काढावे. कागदावर एक थेंबही दिसला, तर सांधा कच्चा. भिंतीची टाईल रुपयाच्या नाण्याने हळूच वाजवावी. पोकळ आवाज आला, तर मागे सिमेंट भरलेले नाही. टाईल ओट्याच्या दगडावर टेकलेली असावी आणि तो सांधा भरलेला असावा. दगड आणि भिंत यांच्यात फट राहिली, तर तिथूनच पाणी मुरते. रिकामी ट्रॉली तर कुणाचीही सरकते. तिच्यात दहा किलो ज्वारी ठेवून ती ओढून पाहावी. मिस्त्री म्हणेल, “आता उशीर झाला, उद्या बघू.” मग पैसेही उद्या द्यावेत.

गॅसची एक गोष्ट मात्र जिवाची आहे. शोभेसाठी काही सुतार सिलिंडरला चारी बाजूंनी बंद कपाट करतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली बसतो आणि कपाटात साचतो. म्हणून कपाटाच्या दाराला अगदी तळाशी भोके किंवा जाळी असलीच पाहिजे. सिलिंडर उभाच ठेवावा. शेगडी सिलिंडरपेक्षा वर असावी. रबरी नळी आय.एस.आय. खुणेची, दीड मीटरहून लांब नको, आणि ती पाच वर्षांनी बदलावी. नळीवर साल छापलेले असते, ते वाचावे. सुताराने नळी फळीतून ओढून नेली असेल आणि तिला पीळ पडला असेल, तर ताबडतोब काढायला लावावी. गॅसचा वास आला, तर १९०६ हा क्रमांक आहे.

पैसे कसे द्यावेत? आमचे मत असे की, निम्म्याच्या वर इसार कधीही देऊ नये. माल घरी आला की काही, दगड बसला की काही, आणि शेवटचा हिस्सा वरची परीक्षा झाल्यावर. शेवटचा हिस्सा इतका असावा की तो सोडून देणे मिस्त्रीला परवडू नये. त्या जोडप्याजवळ ४,०००च राहिले होते. ४२,००० मध्ये ८-१० हजार राहिले असते, तर दुकानदार पत्राची वाट पाहत बसला नसता. आणि पक्के बिल मागावे. “पक्के बिल घेतले तर कर लागेल,” असे दुकानदार म्हणतो. तो कर देण्यात आपले थोडे जाते, पण हातात पुरावा येतो.

आता कायदा. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला. पैसे घेऊन घर बांधून देणे हीदेखील सेवा आहे आणि तिच्यातल्या उणिवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. आज २०१९ चा नवा कायदा चालतो. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

एक फरक लक्षात घ्या. काम उक्ते दिले असेल, म्हणजे इतके काम इतक्या रुपयांत असे ठरले असेल, तर ती सेवा होते आणि या कायद्यात येते. पण तुम्ही माणसाला रोजाने लावले, रोज सकाळी हे कर, ते कर असे सांगितले आणि संध्याकाळी हजेरी दिली, तर तो तुमचा मजूर झाला. त्याच्या कामाबद्दल या कायद्याने दाद मागणे अवघड. रोजाने लावलेल्या माणसाकडून काम करून घेताना म्हणूनच स्वतः उभे राहावे लागते.

जिल्हा ग्राहक आयोग अहिल्यानगरला आहे. २०२४ पर्यंत शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, हे जुन्या कागदांवर दिसेल. ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामासाठी तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे, असे नाही. दोष घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. नंतर ‘उशीर का झाला’ हे पटवून द्यावे लागते. दुकानदार पुण्याचा असो की नाशिकचा, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. आपला जिल्हा क्षेत्राने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले किंवा जामखेडच्या माणसाला नगरला जाणे म्हणजे दिवस मोडतो. पण तक्रार आता संगणकावरूनही दाखल करता येते. आयोगाने दिलेला हुकूम दुकानदाराने पाळला नाही, तर त्याला दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो. तक्रार तीन महिन्यांत निकालात काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. तेवढा धीर धरायची तयारी ठेवावी.

मिस्त्री गावातलाच, भावकीतला असला, तर आयोगाकडे जायला मन होत नाही. ते आम्हाला समजते. अशा वेळी दोन जाणत्या माणसांना घरी बोलवावे. त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी ओट्यावर ओतून दाखवावे. पाणी भिंतीकडे गेले की वाद घालायला फार काही उरत नाही. मग कोणत्या तारखेपर्यंत काय दुरुस्त करायचे, ते तिथेच कागदावर लिहावे, त्या दोघांच्या साक्षीने सह्या घ्याव्यात आणि एक नक्कल मिस्त्रीच्या हातात द्यावी.